स्वतःपुरते फूल

स्वावलंबन हा गुण आहे, याविषयी आपल्याकडे सहसा दुमत आढळत नाही. ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणत वाढलेली आपण माणसे. कोणापुढे हात पसरू नये, कोणाचे उपकार अंगावर घेऊ नयेत, आपण बरे नि आपले काम बरे, ही शिकवण आपल्याला घरातच मिळालेली असते. परंतु ही शिकवण एका व्यक्तीपुरती न राहता जेव्हा कुळाची, जातीची किंवा समाजाची रीत बनते, तेव्हा तिचे नैतिक मूल्य तेच राहते काय? ‘आम्हाला बाहेरच्या कोणाची गरज नाही’ हे वाक्य एकट्या माणसाने उच्चारले तर त्यात ताठ कण्याचा प्रत्यय येतो. तेच वाक्य एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले, तर त्याची किंमत कोण भरतो आणि केव्हा भरतो, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही एका अनपेक्षित साक्षीदाराच्या मदतीने करणार आहोत. तो साक्षीदार म्हणजे फूल.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन सरकारी कचेरीत नकला ताडून पाहण्यात दिवस घालवणाऱ्या आमच्यासारख्याला हा साक्षीदार जवळचा वाटतो, याला कारण आहे. गेल्या तीन-चार दशकांत वनस्पतींच्या जनुकांतील अक्षरे वाचण्याची विद्या इतकी पुढे गेली आहे की, एखाद्या वनस्पतीने हजारो पिढ्या आपले संबंध कोणाशी जोडले याचा हिशेब तिच्या पेशीतच लिहिलेला सापडतो. दप्तर जुने आहे, पण नोंद बुजलेली नाही. मात्र साक्षीदार आणि न्यायाधीश यांत अंतर असते, हे आरंभीच सांगून ठेवले पाहिजे. काय घडते ते फूल सांगेल. माणसाने काय करावे, हा निर्णय देण्याचा अधिकार त्याला नाही.

बहुतेक फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच घरात नांदतात. त्या फुलाचाच, किंवा त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाचा, पराग कुक्षीवर पडून बीज धरले तर ते स्वपरागण. वाऱ्याच्या किंवा मधमाशीच्या हाती दुसऱ्या झाडाचा पराग आला तर ते परपरागण. आपल्या ताटातच या दोन्ही पंथांचे अनुयायी आहेत. गहू, भात आणि हरभरा हे स्वपरागणाचे. हरभऱ्याचे फूल पुरते उमलण्यापूर्वीच त्याचा आतला सोहळा आटोपलेला असतो. बाजरी आणि मका हे परपरागणाचे. ज्वारी बहुतांशी आपल्यापुरती, पण अधूनमधून शेजाऱ्याशी व्यवहार ठेवणारी. उत्तरेत नोकरी करणाऱ्या वाचकांनी सरसोंची पिवळी शेते पाहिलीच असतील. त्या एकाच वनस्पतिजातीत दोन आचार आढळतात: तोरिया हा वाण स्वतःच्या परागाला नकार देतो, तर पिवळी सरसों त्याचा निमूट स्वीकार करते.

हा भेद क्षुल्लक नाही, हे प्रथम मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले ते चार्लस डार्विन यांनी. अकरा वर्षे खपून त्यांनी अनेक वनस्पती शेजारी शेजारी वाढवल्या. अर्धी रोपे स्वपरागणाची, अर्धी परपरागणाची. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी त्यांची उंची, वजन आणि बीजसंख्या तपशीलवार नोंदवली. गारवेलीच्या कुळातील एका वेलीच्या दहा पिढ्या त्यांनी मोजल्या. परपरागणाच्या वेलींची उंची शंभर धरली, तर स्वपरागणाच्या वेलींची सत्याहत्तरच्या आसपास भरली. या परिश्रमांमागे केवळ कुतूहल नव्हते. डार्विन यांनी १८३९ साली आपल्या सख्ख्या मामेबहिणीशी विवाह केला होता. त्यांच्या दहा अपत्यांपैकी तीन बालपणीच गेली. आपल्या विवाहाचा भार मुलांच्या प्रकृतीवर पडला काय, ही शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिली. १८७१ च्या ब्रिटिश जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या विवाहांविषयी एक प्रश्न विचारला जावा, अशी खटपटही त्यांनी मित्रांकरवी केली, पण पार्लमेंटने ती सूचना फेटाळली. वेलींची उंची मोजणारा हा मनुष्य आपल्या घरातील एका प्रश्नाचे उत्तर शोधत होता, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

परंतु याच प्रयोगात एक रोप निराळे निघाले. सहाव्या पिढीतील स्वपरागणाची एक वेल आपल्या परपरागणाच्या प्रतिस्पर्ध्याहून किंचित उंच वाढली. डार्विन यांनी तिला ‘हीरो’ असे नाव दिले. तिची संततीही जोमदार निपजली. म्हणजे स्वपरागण केले की ऱ्हास ठरलेलाच, इतका सोपा हा हिशेब नाही. तो तसा सोपा असता, तर स्वपरागणाचा आचार सृष्टीतून केव्हाच नाहीसा झाला असता. प्रत्यक्षात परपरागणाच्या पूर्वजांपासून स्वपरागणाच्या जाती पुन्हा पुन्हा निर्माण झाल्या आहेत.

असे का व्हावे? रोनाल्ड फिशर यांनी १९४१ साली त्याचे एक गणिती कारण दाखवले. परपरागणाचे झाड आपल्या बीजात एक वाटा देते आणि परागाच्या रूपाने दुसऱ्याच्या बीजात एक, असे दोन वाटे पुढच्या पिढीत जातात. स्वपरागणाचे झाड आपल्या बीजात दोन्ही वाटे स्वतःचेच ठेवते, शिवाय त्याचा थोडा पराग बाहेर गेला तर तिसरा वाटाही मिळवते. दोनाला तीन असा हा नफा असून तो पहिल्याच पिढीत पदरात पडतो. दुसरे कारण अधिक मानवी वाटेल असे आहे. हर्बर्ट बेकर यांनी १९५५ साली असे निरीक्षण मांडले की, दूरच्या बेटावर किंवा अपरिचित भूमीवर जाऊन रुजणाऱ्या वनस्पतींत स्वपरागण करू शकणाऱ्यांचे प्रमाण अधिक असते. कारण उघड आहे. जिथे आपल्या जातीचे दुसरे कोणीच नाही, तिथे एकट्या बीजाला वंश चालवायचा तर स्वतःवरच विसंबले पाहिजे. हा नियम ‘बेकरचा नियम’ या नावाने ओळखला जातो. बदलीच्या गावी पहिल्या वर्षी एकटे राहून आलेल्या कोणाही वाचकाला त्यातील तथ्य निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून स्वपरागणाला दोष देण्याची घाई आम्ही करणार नाही. ती अडचणीच्या काळातील तजवीज आहे आणि तजवीज म्हणून ती उत्तम आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर निळ्या फुलांचा केना उगवतो, तो या बाबतीत मोठा सावध आहे. त्याची निळी फुले जमिनीवर उघडी असतात आणि कीटकांना बोलावतात. पण त्याच वेळी जमिनीखाली तो दुसरी, कधीही न उमलणारी फुले धरतो आणि त्यांत स्वतःपुरते बीज तयार करून ठेवतो. बाहेरचा कोणी आला तर ठीक, न आला तरी वंश बुडणार नाही.

मग तोटा कोठे आहे? तो समजण्यासाठी जनुकांच्या दप्तरात शिरले पाहिजे. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. या दोन प्रतींत भेद असेल अशी जागा स्वपरागणाच्या प्रत्येक पिढीत निम्म्याने कमी होत जाते. दहा पिढ्यांत असा भेद मूळच्या सहस्रांशाहूनही कमी उरतो. दोन्ही प्रती हुबेहूब एक होतात. लोकव्यवहारात यालाच ‘शुद्ध बीज’ म्हणतात.

ज्यांनी कचेरीत नक्कल ताडून पाहण्याचे काम केले आहे, त्यांना याचा परिणाम चटकन कळेल. एका जुन्या ग्रंथाच्या दोन नकला आहेत अशी कल्पना करा. पहिलीत तिसरे पान चुकले आहे, दुसरीत सातवे. दोन्ही नकला समोर असतील तर दुसरीतील तिसरे आणि पहिलीतील सातवे पान घेऊन तिसरी, निर्दोष प्रत सिद्ध करता येते. पानांची अदलाबदल आंधळेपणाने झाली, तर दोन्ही चुका एकत्र आलेली प्रतही निघेल. पण तशी प्रत पुढे चालत नाही, आणि तिच्याबरोबर दोन्ही चुका एकदमच बाद होतात. परपरागणाच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या हेच घडत असते. गुणसूत्रे आपापसात तुकडे बदलतात आणि निवडीला चांगले व वाईट वेगळे करण्याची संधी मिळते. स्वपरागणाच्या वंशातही गुणसूत्रे तुकडे बदलतातच. परंतु दोन्ही नकला एकाच चुकीच्या असल्यावर पाने कितीही बदलली तरी हाती तेच येणार. चांगल्या पानाला शेजारच्या सदोष पानाची सोबत सुटत नाही. एखादा उत्तम गुण निवडला गेला, तर त्याच्या आसऱ्याने बांधलेले दोषही सबंध वंशात पसरतात.

यातील खरी मार्मिक गोष्ट पुढेच आहे. स्वपरागणामुळे मोठे दोष वाढत नाहीत, उलट ते नाहीसे होतात. प्राणघातक दोष परपरागणाच्या झाडात चांगल्या प्रतीच्या आड लपून राहू शकतो, आणि अशी झाडे आपल्या पोटात पुष्कळ दोष बाळगून हिंडत असतात. स्वपरागणात हा आडोसा राहत नाही. दोन्ही प्रती सदोष झालेले रोप मरते आणि दोषही त्याच्याबरोबर जातो. डार्विन यांच्या ‘हीरो’चा जोम बहुधा अशाच शुद्धीतून आला असावा. परंतु लहान दोषांची गोष्ट वेगळी. ज्या दोषाने शेकडा अर्धा-पाव टक्का नुकसान होते, तो दिसण्यासाठी निवडीला मोठा आणि मोकळा समूह लागतो. पूर्ण स्वपरागणाच्या वंशात ज्या संख्येवर निवड काम करते ती गणिताने निम्मी होते, आणि जोडून राहिलेल्या जनुकांमुळे आणखी घटते. टोमोको ओहटा यांनी १९७३ साली मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे अशा आकुंचित समूहात किंचित हानिकारक असे बदल निवडीच्या नजरेतून निसटतात आणि केवळ योगायोगाने कायम होतात. मोठी चूक सापडते, किरकोळ चुका साठत राहतात. दफ्तरदिरंगाईचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे चित्र परके वाटू नये.

या तर्काला प्रत्यक्ष पुरावा आहे काय? ग्रीस आणि अल्बेनियाच्या डोंगराळ प्रदेशात मोहरीच्या कुळातील कॅप्सेला ग्रँडिफ्लोरा ही परपरागणाची वनस्पती वाढते. तिच्यापासून फुटून निघालेली कॅप्सेला रुबेला ही पूर्णतः स्वपरागणाकडे वळली. भूशास्त्राच्या मापाने ही ताजीच घटना म्हणायची, कारण तिला फार तर एक-दोन लाख वर्षे झाली असावीत. एवढ्या अवधीत रुबेलाच्या पाकळ्या आखडून कितीतरी लहान झाल्या, परागकण घटले, आणि कीटकांना बोलावणारा गंधही हरपला. गंधद्रव्य तयार करणाऱ्या एका जनुकातच बिघाड झाल्याचे संशोधकांना आढळले. ज्याला पाहुण्याची वाट पाहायची नाही, त्याच्या दारातील रांगोळी पुसली जावी तसे हे झाले. २०१३ साली या वनस्पतीची संपूर्ण जनुकावली प्रसिद्ध झाली, तेव्हा हानिकारक बदल वगळण्याचे निवडीचे सामर्थ्य तिच्यात मंदावल्याच्या खुणाही त्यात दिसून आल्या. याउलट, प्रयोगशाळेत सुप्रसिद्ध असलेली अरॅबिडॉप्सिस थालियाना ही स्वपरागणाची वनस्पती आणि तिची परपरागणाची बहीण लायराटा यांच्या काही जनुकांची तुलना २००२ साली झाली, तेव्हा दोघींच्या बदलाच्या वेगात फारसा फरक आढळला नव्हता. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. थालियानाच्या स्वपरागणाचा काळ दोघी बहिणी विभक्त झाल्यानंतरच्या सबंध काळाच्या मानाने अल्प आहे, आणि शिवाय ती शंभरात दोन-तीन वेळा परका पराग स्वीकारते. अधूनमधून होणारा हा थोडासा व्यवहारही जनुकांची मोकळीक बऱ्याच अंशी राखतो. नफा ताबडतोब वटतो, तोट्याचे खाते मात्र फार उशिरा जुळते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. स्वतःच्या परागाला नकार देणाऱ्या वनस्पतींची व्यवस्था आपल्या सगोत्रविवाहाच्या निषेधाशी इतकी मिळतीजुळती आहे की, ती तुलना टाळणे कठीण जाते. कोलरॉयटर या जर्मन शास्त्रज्ञाच्या ध्यानात हा नकार अठराव्या शतकातच आला होता. तंबाखू-पेटुनियाच्या कुळात कुक्षीवर आलेल्या परागाची एक खूण तपासली जाते. ती खूण स्वतःच्या दोन खुणांपैकी एकीशी जुळली, तर त्या परागाची नळी वाटेतच अडवली जाते. भिन्न गोत्र असेल तर मार्ग मोकळा. हा नकार बीजांडाच्या असमर्थतेमुळे नसतो. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील रंगस्वामी आणि शिवण्णा यांनी १९६७ साली पेटुनियाच्या बाबतीत ते दाखवून दिले. त्यांनी कुक्षी आणि तिची नळी टाळून परीक्षानळीत बीजांडांवर थेट स्वतःचाच पराग ठेवला, आणि बीज धरले. बीज धरणे शक्य असूनही वाटेवरचा पहारेकरी ते होऊ देत नाही.

या व्यवस्थेचा एक परिणाम चिंतनीय आहे. जी खूण समूहात दुर्मिळ असते तिला कोठेच अडथळा होत नाही, तर जी खूण सर्वत्र पसरलेली असते तिला पदोपदी नकार मिळतो. त्यामुळे विरळ खूण वाढते, फार वाढली की मागे पडते, आणि कोणतीच खूण सहसा नष्ट होत नाही. याचे फळ असे की या कुळातील काही खुणा जातींहूनही जुन्या आहेत. एका पेटुनियातील दोन खुणा परस्परांशी जितक्या मिळत नाहीत, तितकी त्यांपैकी एक तंबाखूतील एखाद्या खुणेशी मिळते. १९९० साली हे उघडकीस आले, आणि त्या खुणांचे वय तीन कोटी वर्षांच्या आसपास असल्याचा अंदाज बांधला गेला. परक्याचे स्वागत करणाऱ्या व्यवस्थेनेच आपला सर्वांत जुना वारसा जतन केला आहे. परंपरा राखायची तर दारे बंद ठेवली पाहिजेत, असे मानणाऱ्याने या गोष्टीवर क्षणभर थांबून विचार करावा.

हा पहारा मोडायला मात्र फार वेळ लागत नाही. अरॅबिडॉप्सिस थालियानाच्या युरोपातील पुष्कळ वाणांत परागाची खूण ठरवणाऱ्या जनुकाचा २१३ अक्षरांचा तुकडा उलटा बसला आहे. २०१० साली झुरिच येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तुकडा सुलट करून एका वाणात बसवला, तेव्हा त्या झाडाने स्वतःचा पराग पुन्हा नाकारला. लाखो वर्षांची रीत एका उलट्या ओळीने मोडली होती. पिवळ्या सरसोंतही अशाच बिघाडांमुळे नकाराची शक्ती गेली आहे. मोडणे सोपे आणि पुन्हा उभारणे जवळजवळ अशक्य, असा हा एकमार्गी रस्ता आहे. त्याच्या टोकाशी काय असते, याविषयी लेडयर्ड स्टेबिन्स यांनी १९५७ साली असे मत मांडले की, स्वपरागण हा उत्क्रांतीतला पुढे बंद होणारा बोळ असावा. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांच्या कुळाची वंशावळ तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्या मताला बळकटी आणली. स्वतःच्या परागाला नकार देणाऱ्या शाखा त्या कुळात अधिक टिकल्या आणि फळल्या. स्वीकारणाऱ्या शाखा पुन्हा पुन्हा जन्मल्या आणि अधिक वेगाने लोपल्या.

येथपर्यंत साक्ष झाली. आता तिच्यावरून उपदेश काढण्याचा मोह होतो, आणि याच जागी सावध राहिले पाहिजे. एक पक्ष म्हणेल, ‘पाहा, संकर हाच सृष्टीचा धर्म, म्हणून सर्वांनी मिसळावे.’ दुसरा म्हणेल, ‘गहू आणि हरभरा शुद्धच आहेत, ते कोठे बुडाले?’ दोघेही साक्षीदाराला न्यायासनावर बसवत आहेत. आनुवंशिकीच्या इतिहासात हे पूर्वी घडले आहे, आणि त्याचे परिणाम भयंकर झाले. ज्या फिशर यांचे गणित आम्ही वर सांगितले, ते स्वतः मानवी वंशसुधारणेच्या मताचे पुरस्कर्ते होते. त्याच मताच्या आहारी जाऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली दुर्बल ठरवलेल्या माणसांची सक्तीने केलेली नसबंदी वैध मानली, आणि जर्मनीने १९३३ साली तसा कायदा करून पुढे त्याहूनही मोठे अनर्थ केले. फुलावरून माणसाचा धर्म ठरवायचा नाही, हा धडा फार महाग पडलेला आहे.

मग या साक्षीचा उपयोग काय? आमच्या मते तिचे दोन उपयोग आहेत. पहिला असा की, ‘शुद्ध’ या शब्दाचा दरारा ती काढून घेते. जनुकांच्या भाषेत शुद्ध याचा अर्थ ‘एकसारखे’ एवढाच आहे. एकसारखेपणात गुण जितक्या सहज कायम होतो, तितक्याच सहज दोषही कायम होतो. शिवाय आज शुद्धतेचा दाखला म्हणून पुढे केला जाणारा गहू मुळात भिन्न गवतांच्या संकरातून जन्मला आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी लागवडीतला एक जुना गहू आणि एक रानगवत यांच्या मीलनातून आपल्या पोळीचा गहू निपजला. कोणत्या पिढीपासून मोजायचे हे ठरवले की मग शुद्धता सिद्ध करता येते, एरवी नाही.

दुसरा उपयोग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या व्यवस्थेचा लाभ निर्णय घेणाऱ्याला ताबडतोब मिळतो आणि जिचा तोटा अजून न जन्मलेल्यांना थोडा थोडा भरावा लागतो, त्या व्यवस्थेकडे निर्णय घेणाऱ्याने अधिक संशयाने पाहिले पाहिजे. फुलाला हा संशय घेता येत नाही. त्याला आपला नातू कोण हे ठाऊक नसते. म्हणूनच त्याच्या वर्तनात पाप नाही आणि पुण्यही नाही. माणसाला हिशेब वाचता येतो, आणि वाचता येऊ लागल्या क्षणापासून जबाबदारी सुरू होते. ‘आम्हाला कळले नाही’ हे उत्तर डार्विन यांच्या काळी प्रामाणिक होते. आज ते तसे राहिलेले नाही.

आपल्या देशापुरते बोलायचे तर हा हिशेब बराचसा वाचून झाला आहे. भारतातील अनेक समाजांच्या जनुकांवरून २०१६ साली असा निष्कर्ष निघाला की, एके काळी हे समाज परस्परांत मोकळेपणाने मिसळत होते, आणि सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी ते मिसळणे बऱ्याच समाजांत थांबले. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील आणि परदेशांतील संशोधकांनी दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाज तपासले. त्यांपैकी ८१ समाजांत मूळच्या मोजक्या पूर्वजांची छाप फिनलंडमधील लोकांहून अधिक खोल आढळली, आणि त्या देशातील विशिष्ट आनुवंशिक व्याधी तर वैद्यकात प्रसिद्धच आहेत. आंध्रातील एका व्यापारी समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे एक औषध वाजवीपेक्षा फार काळ टिकते, हे भूलतज्ज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचे कारणही या बंदिस्त वारशातच सापडते. महाराष्ट्रात अनेक ज्ञातींमध्ये मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे, आणि उत्तरेकडील आपल्या सहकाऱ्यांना ती ऐकून नवल वाटते. आपण सगोत्र कटाक्षाने टाळतो, पण गोत्र केवळ बापाच्या बाजूने मोजल्यामुळे मामाची मुलगी त्या चाळणीतून सुटते. पेटुनियाही एकच खूण तपासते, त्यामुळे तिच्यातही सख्ख्या भावंडांचा संबंध कधी कधी होऊन जातो. दोन्ही पहारे अपुरे आहेत. फरक इतकाच की आपल्याला आपला पहारा अपुरा आहे हे कळू शकते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रश्नाची धार अधिक जाणवते. चार मराठी घरे, एक गणेशोत्सव, एक वाचनालय, एवढ्यावर आपले छोटेसे बेट उभे असते. बेकरच्या नियमाप्रमाणे दूर रुजताना स्वतःवर विसंबावे लागते, आणि पहिल्या पिढीत त्यावाचून गत्यंतर नव्हते. पण मुले मोठी होतात, इथल्याच विद्यापीठांत शिकतात, आणि एके दिवशी घरात एखाद्या बंगाली, पंजाबी किंवा तमिळ नावाचा उच्चार संकोचाने होतो. त्या वेळी वडीलधाऱ्यांच्या तोंडी जे शब्द येतात, त्यांत ‘आपले रक्त’ हा शब्द बहुधा पहिला असतो. त्यामागील खरी भीती मात्र रक्ताची नसते. ती भाषेची असते. नातवंडे मराठी बोलतील काय, आजीचे बोलणे त्यांना कळेल काय, ही ती भीती. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ घरांत ती खरी ठरलेली आम्ही पाहिली आहे.

परंतु येथेच जनुक आणि भाषा यांतील भेद आपल्या कामी येतो. जनुक जन्मानेच मिळतो, तो मागाहून शिकवता येत नाही. भाषा जन्माने मिळत नाही, ती शिकवल्याखेरीज येत नाही. दोन्हीकडून मराठी रक्ताची असलेली मुले मराठीचे अक्षरही न जाणता वाढलेली आढळतात, आणि परप्रांतातून आलेली सून मराठी ओव्या म्हणताना आढळते. तंजावरचा दाखला या बाबतीत बोलका आहे. सतराव्या शतकात व्यंकोजींबरोबर तिकडे गेलेल्या मराठी मंडळींच्या वंशजांची बोली शेजारच्या तमिळचे कितीतरी शब्द घेऊन आजही बोलली जाते. तिथल्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ ही रचना मराठीत केली, पण तिचा साचा तमिळ कुरवंजीचा आहे. शेजाऱ्याकडून घेतल्याने त्यांचे मराठीपण बुडाले नाही. जिथे घरात बोलणे थांबले, तिथे ते बुडाले.

तेव्हा कोणी कोणाशी विवाह करावा हे सांगण्याचा आमचा हेतू नाही. तो निर्णय ज्यांचा त्यांनी घ्यावा, आणि स्वजातीत विवाह करणाऱ्याने काही अपराध केला असे मुळीच नाही. आमचा आग्रह विचारपद्धतीपुरता आहे. नकार द्यायचाच असेल तर तो ‘रक्त शुद्ध राहावे’ या सबबीवर देऊ नये, कारण ती सबब तपासात टिकत नाही. भाषेची काळजी असेल तर ती काळजी म्हणूनच बोलून दाखवावी, आणि मग रोज संध्याकाळी अर्धा तास मुलांना मराठी वाचून दाखवण्याचे कष्टही घ्यावेत. बंद दाराआड राहिल्याने ते कष्ट वाचतात असा आपला समज असतो. वस्तुतः ते पुढच्या पिढीच्या नावावर थकबाकी म्हणून चढतात, आणि त्या खात्यावर सही आपलीच असते.